फूल आणि दोन पानं

आमच्या आजोळच्या घरात डॉ. जॅक सिक्वेरा हे नाव कधी चांगल्या अर्थाने घेतलं गेलं नाही. आजोळ गोव्यातलं, डिचोली तालुक्यातलं. घरात बोलणं सगळं कोंकणी, वाचणं सगळं मराठी. पोथी मराठी, आरत्या मराठी, भिंतीवर भाऊसाहेब बांदोडकरांचा फोटो. लहानपणी सुट्टीत गेलो की आजोबा जेवणानंतर पान लावत जुन्या गोष्टी सांगायचे, आणि त्या गोष्टींत एक खलनायक ठरलेला असायचा. "तो सिक्वेरा नसतो तर..." असं म्हणून ते वाक्य अर्धवटच सोडत. नसता तर काय, हे विचारायची आमची प्राज्ञा नव्हती.

सिक्वेरा नसते तर गोवा महाराष्ट्रात असता, असं त्यांना म्हणायचं होतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि मग या माणसाबद्दल जमेल तसं वाचत गेलो. हा लेख त्यातूनच आलाय. आजोळची मंडळी वाचतील आणि रागावतील बहुतेक. रागावू देत, पण पूर्ण वाचून रागवा एवढीच विनंती!

तर, 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या प्रदेशात प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक झाली डिसेंबर 1963 मध्ये. सगळ्यांना वाटत होतं काँग्रेस सहज येईल. अख्ख्या देशात तेव्हा तेच चालायचं. प्रत्यक्षात तीस जणांच्या विधानसभेत काँग्रेसला एकच जागा मिळाली, तीही दमणची. गोव्यात शून्य! एका बाजूला उभे राहिले भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो. दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्स, बारा जागा, आणि त्यांचे नेते डॉ. सिक्वेरा.

सिक्वेरा हे शिक्षणाने डॉक्टर. गोव्यात याचं नवल नाही. पणजीचं वैद्यकीय विद्यालय 1842 चं, तिथे शिकलेले डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींपर्यंत जायचे. मोठ्या ख्रिस्ती घरांतून एखादा मुलगा डॉक्टर होणं ही जवळजवळ रीतच. (नाडीपरीक्षा करणारा हात जनतेची नाडी ओळखू लागला वगैरे वाक्य इथे लिहायचा मोह होतोय, पण आवरतो.) डॉक्टरकी पुढे मागे पडली आणि वयाच्या पन्नाशीच्या आसपास हा माणूस विरोधी पक्षनेता झाला. गोव्याच्या विधानसभेतला पहिला विरोधी पक्षनेता.

आता भाऊसाहेबांच्या बाजूने बघा. मगोच्या नावातच महाराष्ट्र. जाहीरनाम्यात विलीनीकरण. निवडणूक जिंकली, मुख्यमंत्री झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लोकांनी कौल दिला, आता गोवा महाराष्ट्रात घाला. 1965 मध्ये गोव्याच्या विधानसभेत आणि महाराष्ट्राच्या विधानसभेतही तसे ठराव झाले. सभागृहात हात वर करून मोजायचे तर सिक्वेरा दरवेळी हरणार, हे उघड होतं.

आणि इथेच या माणसाचं राजकारण मला बघण्यासारखं वाटतं. त्यांनी सभागृहातली हार मान्य केली, पण प्रश्नच सभागृहाबाहेर काढला. त्यांचं म्हणणं असं की सरकार निवडणं वेगळं आणि प्रदेशच मिटवून टाकणं वेगळं. सरकार चुकलं तर पाच वर्षांनी बदलता येतं. एकदा विलीन झालो की परत येण्याची वाट नाही. मग असा निर्णय आमदारांच्या बहुमताने कसा घ्यायचा? प्रत्येक माणसाला हाच एक प्रश्न, वेगळा, सरळ विचारा. दिल्लीच्या वाऱ्या सुरू झाल्या. नेहरूंचं मत असं की गोव्याचं वेगळेपण काही काळ तरी जपावं आणि लोकांच्या इच्छेविरुद्ध काही लादू नये. पण नेहरू मे 1964 मध्ये गेले, शास्त्री जानेवारी 1966 मध्ये. प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकरही त्याच खटपटीत होते, त्यांचं श्रेय बाजूला ठेवता येणार नाही. दिल्लीत त्यांचं वजन सिक्वेरांपेक्षा जास्त होतं.

शेवटी डिसेंबर 1966 मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. जुनागढमध्ये 1948 ला आणि सिक्कीममध्ये 1975 ला असं मतदान झालं, पण ते भारतात येण्यासंबंधी होतं. भारतात आधीच असलेल्या प्रदेशाला "शेजारच्या राज्यात जाता की वेगळे राहता?" असं विचारणं हा वेगळाच मामला. भाऊसाहेबांचं सरकार खुर्चीवर असताना हा कौल निष्पक्ष होणार नाही, असा युनायटेड गोवन्सचा आग्रह. तो मान्य झाला आणि भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. मुंबईत नोकरीला असलेल्या गोवेकरांना मत असावं ही मागणी मात्र फेटाळली गेली.

विलीनीकरणाची निशाणी फूल. वेगळं राहण्याची दोन पानं.

16 जानेवारी 1967. सुमारे 82 टक्के मतदान. फुलाला 1,38,170 मतं, दोन पानांना 1,72,191. फरक 34,021 चा.

आजोळी या आकड्यांचं स्पष्टीकरण एका वाक्यात मिळायचं: "पाखल्यांनी मतं दिली." म्हणजे ख्रिश्चनांनी. मीही ते बरीच वर्षं खरं धरून चाललो होतो. पण साधा हिशेब केला तरी ते जमत नाही. ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत. दोन पानांना मतं चोपन्न टक्के. सगळेच्या सगळे ख्रिस्ती मतदार तिकडे गेले असं धरलं तरी उरलेली मतं हिंदूंचीच असणार. आणि ती हिंदू मतं सिक्वेरांच्या भाषणांनी वळली असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या पक्षाला ती निवडणुकीत कधी मिळालीच नव्हती.

ती वळवली मराठीने! मडगावहून 'राष्ट्रमत' नावाचं मराठी दैनिक निघायचं, संपादक चंद्रकांत केणी. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे. विलीनीकरणाच्या विरोधातला सगळ्यात धारदार मजकूर हा असा मराठीत छापला जात होता, आणि मराठी वाचणारी हिंदू माणसं तो वाचत होती. समोर 'गोमन्तक' होता, बा. द. सातोस्करांचा, पूर्ण विलीनीकरणाच्या बाजूने. मुंबईत अत्र्यांचा 'मराठा' होताच. म्हणजे मराठी विरुद्ध कोंकणी असं ज्याला आपण म्हणतो, ते भांडण बरंचसं मराठी विरुद्ध मराठी असं लढलं गेलं. शिवाय उल्हास बुयांव गावोगाव गाणी म्हणत फिरत होते. श्रीखंड-पुरी नको, आपलं शीत-कडी बरं, अशा अर्थाच्या घोषणा होत्या. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी, मग माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांनी खायचं काय, असा रोकडा सवालही होता. गोवा रत्नागिरीसारखाच एक मागे पडलेला जिल्हा होईल, हेही ऐकवलं जायचं. (मी रत्नागिरीकरांची माफी मागतो.)

सिक्वेरांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी ही लढाई आपल्या पक्षाची करून ठेवली नाही. केणी-भेंब्रे काही त्यांचे कार्यकर्ते नव्हते. काकोडकर तर दुसऱ्या पक्षाचे. दोन पानं ही कुणा एकाची निशाणी नव्हती, म्हणून तर युनायटेड गोवन्सला जन्मात मत न देणारा माणूसही तिथे शिक्का मारू शकला.

आणि मग काय झालं? दोनच महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक. कौल हरलेले भाऊसाहेब परत आले, 16 जागा घेऊन. कौल जिंकलेल्या सिक्वेरांना 12. पुन्हा बाराच! मुलगा एराझ्मो लोकसभेवर गेला, पण सिक्वेरा परत विरोधी बाकावर. 1972 ला मगो 18, युनायटेड गोवन्स 10. पुढे त्या दशकात पक्षाचे तुकडे झाले आणि तो विरूनही गेला. ते स्वतः मुख्यमंत्री कधीच झाले नाहीत.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसायला आलं होतं. मग वाटलं, लोकांनी सिक्वेरांचंच तर ऐकलं. सरकार वेगळं आणि प्रदेशाचा प्रश्न वेगळा, हे तेच सांगत होते ना? लोकांनी दोन्ही वेगवेगळे ठरवले. एकात त्यांना जिंकवलं, दुसऱ्यात हरवलं.

पण ते का हरत राहिले हेही सांगायला हवं, नाहीतर आजोबांवर अन्याय होईल. युनायटेड गोवन्स हा लोकांच्या लेखी भाटकारांचा पक्ष होता. ज्यांना 'भाटकार' शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: भाटं, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा आणि शेतं, ज्याच्या मालकीची तो भाटकार. त्याची जमीन कसणारं ते कूळ. त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार, ज्याला भाटकार उद्या ऊठ म्हणाला तर उठावं लागणार. आमचे आजोबा कूळ होते. त्यांचे वडीलही. भाटकाराच्या घरी पायरीवर बसून खंड मोजून द्यायचा, हे त्यांनी स्वतः केलेलं. सिक्वेरा स्वतः बड्या वर्तुळातले. अस्मितेबद्दल ते जे बोलायचे ते खरं असेल, पण पायरीवर बसलेल्याला आधी पायरीवरून उठायचं होतं. आजोबांसाठी महाराष्ट्र म्हणजे नकाशा नव्हता. तिकडे कूळकायदा आहे, तिकडे भाटकाराचं चालत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फुलावर शिक्का मारला तो यासाठी. डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत फुलाला भरभरून मतं पडली, त्यात अशी किती कुळं असतील.

हे सिक्वेरांना नीट दिसलं नाही असं माझं मत आहे. दिसलं असतं तर बाराचे सोळा झाले असते कदाचित. असो.

गंमत पुढेच आहे. आजोबांना जे हवं होतं ते मिळालं. 1964 ला गोव्याचा कूळकायदा आला होता, तो भाऊसाहेबांनीच आणला. 1975 ला मुंडकार कायदा आला. 1976 ला कूळकायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देण्यात आली, तेव्हा मुख्यमंत्री भाऊसाहेबांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर. हे सगळं झालं गोव्याच्या विधानसभेत. जी विधानसभा, फूल जिंकलं असतं तर, राहिलीच नसती. मगोला आपलं सगळ्यात मोठं काम करायला जागा राहिली ती दोन पानांमुळे. भाऊसाहेब एका जिल्ह्याचे पुढारी झाले असते, मुंबईच्या विधानसभेत मूठभर आमदार घेऊन बसले असते. महाराष्ट्रातही कूळकायदा होताच म्हणा, पण गोव्यातल्या भाटा-मुंडकारांचं प्रकरण मुंबईत कुणाला किती कळलं असतं, मला शंका आहे.

दुसऱ्या बाजूलाही असाच पेच आहे. 1987 च्या फेब्रुवारीत कोंकणी राजभाषा झाली, 30 मे 1987 ला गोवा राज्य झालं. सिक्वेरांनी हे दोन्ही पाहिलं, ते 1989 मध्ये गेले. पण राजभाषा झाली ती देवनागरीतली कोंकणी. ज्या सासष्टीने दोन पानांना ढिगाने मतं दिली, तिथला ख्रिस्ती माणूस कोंकणी लिहितो रोमी लिपीत. त्या लिपीला कायद्यात जागा मिळाली नाही. मराठीला सरकारी वापराची सोय तरी मिळाली. जिंकलेल्यांना पूर्ण मिळालं नाही, हरलेल्यांचं पूर्ण गेलं नाही.

भाऊसाहेबांची समाधी मिरामारला आहे, त्यांचा पुतळा पर्वरीला विधानसभेपाशी. सिक्वेरांचाही पुतळा तिथे असावा अशी मागणी 16 जानेवारी जवळ आली की हमखास होते आणि त्यावरून वादही होतात. मागच्या खेपेला आजोळी गेलो तेव्हा मी हा विषय मामाकडे काढला. घाबरतच. वर लिहिलाय तो सगळा हिशेब सांगितला, टक्केवारीसकट. मामा ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाबा आसते जाल्यार तुका भायर घाल्लो आसतो." (बाबा असते तर तुला घराबाहेर काढलं असतं.)

मग आत गेला आणि कपाटातली प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. त्यात एक-चौदाचा जुना उतारा, घड्या पडून फाटायला आलेला. कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव. मामाने त्या नावाखाली बोट ठेवलं, वरचं सरकारी नाव वाचलं, 'गोवा, दमण आणि दीव', आणि उतारा परत घडी घालून पिशवीत ठेवला.