भिंगपरीक्षा, छायाचित्रणातील

कॅमेऱ्याच्या भिंगाने दिलेली प्रतिमा किती तीक्ष्ण आहे, म्हणजे अगदी जवळजवळ असलेल्या रेषा तीत कितपत वेगळ्या दिसतात, हे ठरविण्याची पद्धती. भिंगाच्या या गुणास विभेदनक्षमता म्हणतात व ती दर मिमी. मधील रेषायुग्मांच्या (एक काळी व तिच्या शेजारची एक पांढरी रेषा) संख्येने सांगतात. ही परीक्षा प्रारंभी भिंगनिर्मात्यांच्या कार्यशाळेपुरती मर्यादित होती. छापील तक्त्यांमुळे ती विसाव्या शतकात सामान्य छायाचित्रकाराच्या घरी होऊ लागली.

योझेफ पेट्‌सव्हाल यांनी १८४० मध्ये तयार केलेले व्यक्तिचित्रणाचे भिंग मध्यभागी तीक्ष्ण, पण कडांना अस्पष्ट प्रतिमा देई. चेहरा टिपण्यास ते पुरेसे होते. इमारती, शिल्पे व नकाशे यांसाठी मात्र ते अपुरे पडे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हौशी छायाचित्रकार तीत सामील झाले. मराठवाड्यातील अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांची रॉबर्ट गिल यांनी घेतलेली छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अशा कामात स्तंभावरील बारीक कोरीव काम चित्राच्या कडेपर्यंत स्पष्ट येणे अगत्याचे असते. १८६६ मध्ये डालमायर व श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे बनविलेल्या सममित भिंगांनी आणि १८९० नंतरच्या त्साइस भिंगांनी ही उणीव बरीच दूर केली.

तरीही विकत घेतलेले भिंग कसे आहे, हे प्रत्यक्ष चित्र घेऊनच कळे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणल्यावर मुंबईत घरच्या मंडळींचे चित्रण करून यंत्र व रसायनक्रिया यांची खातरजमा केली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी कॅमेराच स्वतः घडविला व त्यावर चित्रित केलेला सैरंध्री हा चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. या प्रयत्नांत पडद्यावरील चित्र हीच कसोटी होती; दोन भिंगांची आकड्यांत तुलना करण्याचे साधन तीत नव्हते.

असे साधन रेषांच्या तक्त्याने पुरविले. त्याचा उगम ज्योतिषशास्त्रातील आहे. लेआँ फूको यांनी १८५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शकांची क्षमता दूरवर ठेवलेल्या काळ्यापांढऱ्या रेघांवरून मोजली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील अर्व्हिन गार्डनर यांनी १९४१ मध्ये खास छायाचित्रकारांसाठी छापील तक्त्यांसह एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९५१ मध्ये अमेरिकी वायुसेनेचा तक्ता प्रचारात आला. त्याच्या प्रत्येक गटात सहा घटक असून दर गटागणिक रेषांची दाटी दुप्पट होते.

घरी परीक्षा घेताना तक्ते सपाट भिंतीवर मध्यभागी व चारही कोपऱ्यांत लावतात आणि कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर भिंतीशी काटकोनात ठेवतात. भिंगाच्या केंद्रांतराच्या २६ पट अंतरावरून घेतलेली प्रतिमा मूळ तक्त्याच्या १/२५ आकाराची येते. ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगास हे अंतर १·३ मी. होते. तक्त्यावरील दर मिमी. ला २ रेषायुग्मे चित्रात सुटी दिसली, तर विभेदन ५० ठरते. प्रत्येक छिद्रमानास एकेक चित्र घेतात. छिद्र लहान करत गेल्यास भिंगाचे दोष प्रथम कमी होतात, पण पुढे विवर्तनामुळे तीक्ष्णता घटते. एफ/१६ ला तात्त्विक मर्यादाच सु. ११० रेषायुग्मांची असते.

या पद्धतीची उणीव अशी की, मिळालेला आकडा एकट्या भिंगाचा नसतो. केंद्रीकरणातील चूक, कॅमेऱ्याची थरथर, कागदावर पसरलेली शाई आणि फिल्म यांचा त्यात वाटा असतो. स्थूल नियमाप्रमाणे भिंग १०० व फिल्म १०० रेषायुग्मांची असल्यास दोहोंचे संयुक्त विभेदन ५० च भरते. त्यामुळे निरनिराळ्या घरी मिळालेल्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ आहे. उलट, एकाच भिंतीसमोर, एकाच प्रकाशात दोन भिंगांची केलेली तुलना विश्वसनीय असते. चार कोपऱ्यांपैकी एकच अस्पष्ट आला आणि कॅमेरा व भिंत यांची मांडणी पुन्हा तपासूनही तसाच राहिला, तर भिंगाचा एखादा घटक अक्षापासून सरकलेला असण्याचा दाट संभव असतो. वापरलेले भिंग विकत घेणाऱ्यास हा दोष पैसे देण्यापूर्वी कळणे महत्त्वाचे असते. मुंबई-पुण्यापासून दूर नांदेड, विष्णुपुरी किंवा लातूर येथील छायाचित्रकारास म्हणूनच ही साधी परीक्षा विशेष उपयोगी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळांतून केवळ रेषा सुट्या दिसतात की नाही एवढेच न पाहता त्यांचा काळेपांढरेपणा किती टिकतो, हे मोजण्याची पद्धत रूढ झाली. अंकीय कॅमेऱ्यांसाठी २००० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक १२२३३ प्रसिद्ध झाले. त्यानुसार किंचित तिरकी धरलेली काळीपांढरी कड चित्रित करून संगणकाने तिचे विश्लेषण करता येते. साधने बदलली, तरी स्थिर कॅमेरा, सपाट भिंत व सारखा प्रकाश या घरगुती परीक्षेच्या मूळ अटी कायम आहेत.