कापसाचा काटा आणि मनाचा काटा



ज्या गावाच्या नावातच बाजार आहे, त्या गावात वजनकाट्याविषयी बोलणे म्हणजे सोनाराला सोने ओळखायला शिकवण्यासारखे आहे. तरीही आम्ही आज काट्याविषयीच बोलणार आहो. मात्र हा काटा दुकानातला नव्हे, मनातला. दुकानातला काटा खोटा असला तर गिऱ्हाईक भांडते. मनातला काटा खोटा असला तर भांडणार कोण? गिऱ्हाईकही आपणच आणि दुकानदारही आपणच. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि जिनाच्या फाटकावर व वाचनालयात फार झाले. तेव्हा पंडितांच्या परिभाषेत न शिरता वऱ्हाडच्या कापसाचाच इतिहास उलगडून पाहू.

१८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. इंग्रजांची नजर येथल्या काळ्या जमिनीवर आणि तिच्यात पिकणाऱ्या कापसावर होती. पुढे १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा अमेरिकन कापूस अडकून पडला. मग मँचेस्टर-लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवले. भाव चढू लागला आणि तीन वर्षांत चौपटीच्या पुढे गेला. खामगावची रेल्वेशाखा निघायला अजून १८७० साल उजाडायचे होते. माल बैलांच्या बळावर चालत होता. तरी पैसा मात्र धावत होता. कोणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्या काळी सांगितल्या जात. त्या खऱ्या किती हा प्रश्न निराळा. पण लोकांना त्या खऱ्या वाटत होत्या, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

मुंबईत तर या पैशाला वाट फुटेना. कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलत असे. बँक ऑफ बॉम्बेसारखी प्रतिष्ठित बँक भागांच्या तारणावर कर्जे वाटीत होती. १८६५ च्या एप्रिलात सेनापती लीने शस्त्र खाली ठेवले, युद्ध संपले, भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस. त्या दिवशी देणी देणारे कोणी उरले नाही. पुढल्या वर्षी प्रेमचंदांचे दिवाळे निघाले आणि १८६८ साली ती बँकही मोडली. दक्षिणेत पुणे-नगरकडच्या शेतकऱ्याने चढत्या भावावर काढलेले कर्ज भावाबरोबर उतरले नाही. १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, त्या आगीच्या अनेक कारणांत हेही एक कारण होते.

येथे थांबून एक प्रश्न विचारू. युद्ध कधी तरी संपणार हे यांपैकी कोणाला ठाऊक नव्हते? शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. हे लोक मूर्ख नव्हते. मुंबईतली सर्वांत तल्लख डोकी त्यांत होती. मग घडले काय? प्रत्येक जण मनात म्हणत होता, “युद्ध संपेल खरे, पण माझा माल विकल्यावर संपेल.” सर्व बुडतील, मी वेळेवर बाहेर पडेन. हजारो माणसांनी एकाच वेळी, एकाच अरुंद दारातून सर्वांआधी बाहेर पडण्याचा बेत केला होता! अज्ञान वेगळे आणि आत्मवंचना वेगळी. अज्ञानी माणसाला माहीत नसते. आत्मवंचना करणाऱ्याला माहीत असते, पण त्या माहितीचे वजन तो आपल्या सोयीने करतो.

या कापसाच्या भावाला पुढे एक विचित्र अपत्य झाले. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईस येत. त्यांच्या आकड्यांवर लोक पैज लावू लागले. ज्याने बोंड कधी पाहिले नाही, तोही कापसाच्या भावावर खेळू लागला. १९६१ साली ते आकडे येणे थांबले. तेव्हा जुगार थांबायला हवा होता. पण १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी मुंबईत आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, भाव गेला, आकडा तेवढा उरला. पत्त्यांच्या कॅटातली तीन पाने काढायची, बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. गिरणगावातल्या कामगाराचा पगार त्या अंकात गेला आणि ते लोण आमच्या वऱ्हाडातल्या जिनापर्यंत आले.

आमचा एक कामगार पगाराच्या दिवशी वही घेऊन बसे. वहीत महिन्यामहिन्यांचे आकडे. आम्हांला म्हणे, “भाऊ, सत्ता अकरा दिवसांपासून आला नाही. आज येतेच.” आम्ही त्याला समजावले की पत्त्यांना वही नसते, काल काय निघाले हे त्यांना आठवत नाही. दहा अंकांतून एक लागतो आणि रुपयाला नऊ मिळतात. दहाही अंकांवर रुपया रुपया लावलास तरी दहाचे नऊ होतात. तो हसला. त्याला जिंकलेले चार दिवस तारखेसह पाठ होते. हरलेल्या दिवसांची नोंदच नव्हती.

इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने १६२० साली आपल्या ग्रंथात अशाच वहीची गोष्ट सांगितली आहे. देवळात नवस फेडून वादळातून वाचलेल्यांची चित्रे एकाला दाखवली. त्याने विचारले, नवस करूनही बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? मेलेले चित्र लावायला येत नाहीत, म्हणून देवळाची भिंत नेहमी एकाच बाजूची साक्ष देते. पुढे १९६० साली लंडनमध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने एक सोपा प्रयोग केला. दोन, चार, सहा हे तीन अंक एका नियमात बसतात. तुम्ही दुसरे अंक सुचवून नियम ओळखा. लोक आठ, दहा, बारा म्हणत; उत्तर येई, बसतात. वीस, बावीस, चोवीस, बसतात. मग छातीठोकपणे सांगत, दोन-दोनांनी वाढणारे अंक! नियम एवढाच होता की अंक चढते असावेत. एक, सात, शंभर असे विचारून आपलीच कल्पना मोडून पाहण्याचे फार थोड्यांना सुचले. आपण पुरावा गोळा करतो तो आपल्या मताला टेकू देण्यासाठी.

आता दुसऱ्याचे पुष्कळ झाले, आमचे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिनात मजुरीवाढीसाठी आम्ही संप पुकारला. होळी तोंडावर आली होती. फाटकावरच्या सभेत सगळे हात वर गेले. न आलेले किती, हे आम्ही मोजले नाही. सभा संपल्यावर एक म्हातारी रेजा जवळ येऊन म्हणाली, “भाऊ, गंजीच सरली. मंग मालकाले काय दुखते?” दिवाळीनंतर अंगणात कापसाचे डोंगर असताना काम थांबले, तर मालकाचा जीव कासावीस होतो; हंगामाच्या शेवटी थांबले, तर उलट त्याची मजुरी वाचते. हे आम्हांला ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. पण वर गेलेले हात डोळ्यांसमोर होते. म्हातारी घाबरली आहे, असे आम्ही ठरवून टाकले.

तीन आठवड्यांनी माणसे मिळेल त्या मजुरीवर परत गेली. काहींना पुढल्या हंगामात घेतलेच नाही. त्यांत ती म्हातारीही होती. आम्ही कित्येक महिने फितुरीला दोष देत हिंडलो. फितूर होता खरा. तो आमच्याच टोपीखाली बसला होता. सत्त्याची वाट पाहणाऱ्या त्या कामगाराला आम्ही हसलो होतो, तेव्हा आमची वहीसुद्धा तशीच कोरी होती.

तेव्हापासून युनियनच्या कमिटीत आम्ही दोन रिवाज पाडले. संपाचा ठराव येण्याआधी एका माणसाने उभे राहून संप का करू नये हे सांगायचे, आणि त्याला भित्रा म्हणायचे नाही. दुसरा असा की, काय घडेल असे आपल्याला वाटते ते आधीच रजिस्टरात तारखेसह लिहायचे. नंतर “मी म्हणत होतोच” म्हणण्याची सोय ठेवायची नाही. यामुळे आम्ही कधी चुकलो नाही असे नाही. पण चूक कोठे झाली ते आता कागदावर सापडते.

आज आकडा चिठ्ठीवरून मोबाइलवर आला आहे आणि तेजीच्या गोष्टी घरोघर पोचतात. तेव्हा उद्या कोणी आपणांस खात्रीच्या लाभाची गोष्ट सांगितली, तर बुडालेल्यांची चित्रे कोठे आहेत एवढे विचारा. आणि ती गोष्ट सांगणारे आपलेच मन असेल, तर दोनदा विचारा.