दारू बदलली, म्हणून रायफल बदलली

१/ १८८८ साली ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली, तेव्हा तिच्या .३०३ काडतुसात काळी दारूच होती. ती दाट धूर करी व नळीत काजळी साचवी. म्हणूनच मेटफर्डने नळीतील पेचदार खाचा उथळ, गोलसर ठेवल्या होत्या.

२/ लवकरच कॉर्डाइट आले: ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन, ५ टक्के व्हॅसलीन. धूर सरला, गोळीचा वेग वाढला. परंतु त्याच्या प्रखर उष्णतेने त्या उथळ खाचा झपाट्याने झिजू लागल्या.

३/ उपाय ठरल्या एनफील्डच्या खोल खाचा. त्यांतून १८९५ ची ली-एनफील्ड जन्मली. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या खांद्यावर होत्या त्या रायफली याच वंशातल्या. दारूची निवड केवळ काडतुसापुरती नसते. नळीचे आयुष्यही तीच ठरवते.