गरोदरपणात विषाणूचा संसर्ग झाला तर वारेवर काय परिणाम होतो?

जुलै २०२० मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एका नवजात बाळाची माहिती जाहीर केली. या बाळाच्या आईला बाळंतपणाच्या आधी ताप आला होता, पण तिची कोरोना चाचणी निगेटिव्ह आली होती. जन्मानंतर बाळाचा स्वॅब मात्र पॉझिटिव्ह आला. नाळ आणि वार तपासली तेव्हा त्यांतही विषाणू सापडला. दोन-तीन दिवसांत बाळ गंभीर आजारी पडलं. काही दिवस अतिदक्षता विभागात राहून ते बरं झालं आणि घरी गेलं. पोटात असतानाच वारेतून बाळाला कोरोना झाल्याचं हे भारतातलं पहिलं उदाहरण असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

आईच्या चाचणीत जे दिसलं नाही, ते वारेत दिसलं. मग ही वार म्हणजे नेमकं काय आणि विषाणू तिथे काय करतात?

वार म्हणजे काय?

वार आणि नाळ यांत अनेकांची गल्लत होते. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी. ही दोरी ज्या चकतीसारख्या अवयवाला जाऊन मिळते, ती वार. वार गर्भाशयाला आतून चिकटलेली असते आणि बाळाच्या जन्मानंतर काही मिनिटांत बाहेर पडते. दिवस भरल्यावर तिचं वजन साधारण अर्धा किलो असतं.

पोटातल्या बाळाची फुप्फुसं, आतडी आणि मूत्रपिंडं यांचं काम नऊ महिने वारच करते. आईच्या रक्तातला ऑक्सिजन आणि अन्न ती बाळाला देते आणि बाळाच्या शरीरातली घाण आईच्या रक्तात सोडते.

वार विषाणूंना कशी अडवते?

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेला बोटांसारखे असंख्य बारीक फाटे असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. बाळाचं रक्त या फाट्यांच्या आतून वाहतं. फाट्यांवरच्या पेशी एकमेकींत विरघळून एकसंध थर बनलेला असतो. त्यात विषाणूला शिरायला फट सापडत नाही. शिवाय हा थर विषाणूंना रोखणारी रसायनंही सोडत असतो.

म्हणूनच गरोदरपणातल्या साध्या सर्दी-खोकल्याचे विषाणू सहसा बाळापर्यंत पोहोचत नाहीत. आईला संसर्ग झाला म्हणजे बाळालाही झालाच, असं नसतं.

मग नुकसान कसं होतं?

१. विषाणू वार ओलांडतो. रुबेला, सायटोमेगॅलो आणि झिका हे विषाणू हे करू शकतात. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू किंवा हृदयाचे दोष होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. झिकाचा विषाणू वारेतल्या बाळाच्याच संरक्षक पेशींमध्ये वाढतो. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४ मध्ये पुणे शहरात साथ आली तेव्हा रुग्णांमध्ये गरोदर महिलाही होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, गरोदरपणात झिका झालेल्या महिलांच्या ५ ते १५ टक्के बाळांमध्ये त्याचे दुष्परिणाम दिसतात. म्हणजे बहुतेक बाळांमध्ये ते दिसत नाहीत.

२. वारच आजारी पडते. कोरोनाच्या काळात हे ठळकपणे लक्षात आलं. काही महिलांच्या वारेला सूज आली, तिच्या पेशी मेल्या आणि फाट्यांभोवती रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे थर साचले. २०२२ मध्ये १२ देशांतल्या ६८ बाळांच्या वारेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातली ६४ बाळं मृत जन्मलेली होती आणि ४ जन्मानंतर दगावली होती. त्यांच्या वारेचा सरासरी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग निकामी झालेला होता. बहुतेक बाळं विषाणूने त्यांच्या शरीरावर हल्ला केल्यामुळे गेली नव्हती, तर ऑक्सिजन न मिळाल्यामुळे गेली होती. असं फार थोड्या महिलांच्या बाबतीत झालं, पण विषाणू बाळापर्यंत न पोहोचताही बाळाचा जीव जाऊ शकतो, हे यातून कळलं.

३. आईची प्रकृती खालावते. दूषित पाण्यातून होणारी 'हिपॅटायटिस ई' ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत आईच्याच जिवावर बेतू शकते. डेंग्यूमध्ये रक्तस्रावाचा धोका असतो. आईचा रक्तदाब किंवा ऑक्सिजन खूप कमी झाला, तर वारेला होणारा पुरवठाही घटतो.

एचआयव्ही आणि 'हिपॅटायटिस बी' बाळापर्यंत बहुतेक वेळा बाळंतपणाच्या वेळी पोहोचतात. एचआयव्हीचा धोका अंगावरच्या दुधातूनही असतो. आईला वेळेवर औषधं आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस मिळाली, तर हा धोका खूप कमी होतो.

गावात राहून काय करता येतं?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाचोडसारख्या गावातही यातली बरीच काळजी घेता येते.

• पहिल्या १२ आठवड्यांत आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात नाव नोंदवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसची तपासणी मोफत होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते.
• रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत. ती लग्नाआधी किंवा दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी घ्यावी लागते. फ्लूची लस गरोदरपणात घेता येते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.
• पाणी उकळून प्या. साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करा. दिवसाही मच्छरदाणी वापरा, कारण डेंग्यू आणि झिकाचे डास दिवसा चावतात.
• ताप, अंगावर पुरळ किंवा डोळे पिवळे दिसले तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका, डॉक्टरांना दाखवा.
• बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर सकाळपर्यंत थांबू नका. वार नीट काम करत नसल्याची ही खूण असू शकते. गरोदर महिलांना नेण्यासाठी १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते.

बाळ दगावलं तर

अशा वेळी घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो आईला. पपई खाल्ली होती का? ग्रहणात बाहेर गेली होती का? जड उचललं होतं का? खरं कारण अनेकदा वारेत असतं. पूर्वी घरी बाळंतपण झालं की वार पुरून टाकत. आता ती दवाखान्याच्या कचऱ्यात जाते आणि तिच्यासोबत पुरावाही जातो.

म्हणून मृत बाळ जन्मलं असेल किंवा बाळ गंभीर आजारी असेल, तर वार तपासणीला पाठवता येईल का, हे डॉक्टरांना त्याच वेळी विचारा. पाचोडहून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवलं असेल, तर तिथेही विचारा. प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच असं नाही. पण मिळालं, तर पुढच्या गरोदरपणात काय जपायचं ते कळतं. शिवाय जे आईच्या हातात कधीच नव्हतं, त्याचा दोष तिच्या माथी राहत नाही.