आधार क्रमांक व खाजगीपणाचा हक्क
भारतातील रहिवाशांना बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमा घेऊन देण्यात येणाऱ्या बारा अंकी ओळखक्रमांकातून उद्‌भवलेला घटनात्मक प्रश्न. पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली (जि. नंदुरबार) या आदिवासी गावी देण्यात आला, तत्संबंधीचा कायदा मात्र २०१६ मध्ये झाला. हा क्रम उलटाच म्हणावा लागेल, कारण तोवर कोट्यवधींची माहिती जमा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा मूलभूत हक्क ठरविला. २०१८ मध्ये योजना बहुमताने वैध ठरली, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र भिन्नमतपत्रात कायदाच घटनाबाह्य मानला. वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. कष्टाने ठसे झिजलेल्या मजुरास शिधादुकानातील यंत्राने न ओळखल्यास त्याच्या धान्याचे काय, हा त्या कायद्याचा विषय नव्हे.