विल्यम नांवाचा धनेश

मुंबईच्या कोटांत पूर्वी अपोलो स्ट्रीट या नांवाचा जो रस्ता होता, त्या रस्त्यावरील ६ क्रमांकाच्या इमारतींत फिप्सन आणि कंपनी या मद्यविक्रेत्यांची पेढी होती. पेढीचा सारा व्यवहार विलायती मद्याचा. परंतु तेथील एका गृहस्थांच्या खुर्चीमागें एक पिंजरा असे, आणि त्या पिंजऱ्यांत १८९४ पासून १९२० पर्यंत, म्हणजे तब्बल २६ वर्षें, एक धनेश पक्षी नांदत होता. त्याचें नांव विल्यम. मंडळी थट्टेनें त्याला कचेरींतील कॅनरी म्हणत. कॅनरी म्हणजे मुठींत मावेल एवढा, पिवळ्या रंगाचा, मंजुळ गळ्याचा पक्षी. विल्यम चोंचीपासून शेपटीच्या टोंकापर्यंत सव्वाचार फूट लांब. डोक्यावर पिवळें शिरस्त्राण, चोंच कोयत्यासारखी बांकदार, आणि आवाज म्हणाल तर रानांतील वाटसरूनें दचकून मागें पाहावें असा. एवढा मोठा वनपक्षी मद्याच्या पेढींत काय करीत होता, हें समजण्यासाठीं त्याच्या आगमनापूर्वीचीं दहा-अकरा वर्षें पाहिलीं पाहिजेत. तो इतिहास एका छंदाचा आहे.

छंद या शब्दाला आपल्याकडे पूर्वी फारशी प्रतिष्ठा नव्हती. वडील माणसें त्याला नाद म्हणत, आणि नादीं लागलेल्या मुलाचें पुढें काय होणार याविषयीं त्यांच्या मनांत संशय उरलेला नसे. अशाच नादाचे आठ गृहस्थ १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्यें एकत्र जमले. याच वास्तूला पुढें डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव मिळालें. जमलेल्यांत डॉक्टर होते, लष्करांतील अधिकारी होता, जकात व मीठ खात्यांतील अंमलदार होता. आठांपैकीं दोघे आपले. १८६७ सालीं प्रार्थनासमाज स्थापन करणारे डॉ. आत्माराम पांडुरंग हे एक. आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणते आणि ज्यांच्या खटल्यानें पुढें सारा देश ढवळून निघाला त्या रखमाबाईंचे सावत्र वडील. या मंडळींचा हेतु अगदीं माफक होता. महिन्यांतून एकदां भेटावें, आपण पाहिलेलें एकमेकांस सांगावें, आणि हातीं लागलेला एखादा चमत्कारिक प्राणी सर्वांसमोर ठेवावा. या बैठकीलाच बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी असें भारदस्त नांव मिळालें.

भारदस्त नांवानें अडचणी मात्र सुटल्या नाहींत. प्राणिसंग्रहाचा छंद मुंबईच्या घरांत चालविणें म्हणजे चातुर्मासाशीं वैर धरणें होय. फुलपांखरें टांचणीनें खोवून पेटींत मांडावीं, तर श्रावणांत त्यांवर बुरशीची पांढरी साय धरते. पेटीचें झांकण रात्रीं किंचित् किलकिलें राहिलें तर सकाळीं मुंग्यांनीं धडें नेलेलीं असतात आणि टांचण्यांखालीं नुसते पंख उरतात. पक्ष्यांच्या कातड्यांना कसर लागते. बाटलींतील सर्प फडताळावर ठेवला तर भेटीस आलेल्या पाहुण्यांचें लक्ष चहांतून उडतें, आणि घरच्या स्त्रियांनीं त्या फडताळाशीं असहकार पुकारलेला असतो तो निराळाच. जानेवारी १८८४ मध्यें हर्बर्ट फिप्सन या मद्यव्यापाऱ्यानें आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरील जागेंतील एक खोली सोसायटीला दिली, याचें महत्त्व ज्यानें असा संग्रह घरीं ठेवून पाहिला असेल त्यालाच नीट कळेल. दोन वर्षांनीं हा संसार अपोलो स्ट्रीटवर हालला. एकीकडे पिण्याच्या मद्याच्या बाटल्या आणि दुसरीकडे मद्यार्कांत बुडविलेले सर्प-सरडे, असा योग इतरत्र क्वचितच जुळून आला असेल. फिप्सन हेच पुढें १९०६ पर्यंत सोसायटीचे चिटणीस होते.

त्यांच्या आधींचे चिटणीस, तो मीठ खात्यांतील अंमलदार, हे एक विलक्षण गृहस्थ होते. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन त्यांचें नांव. परंतु ‘एहा’ या तीन आद्याक्षरांच्या टोपणनांवानेंच वाचक त्यांना ओळखीत. ते एका मिशनऱ्याचे पुत्र, जन्म १८५१ सालचा, आणि जन्मगांव आपलें सातारा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं कांहीं वर्षें लॅटिन शिकविलें आणि १८७६ सालीं मीठ खात्याची वाट धरली. मिठागरें जेथें असतात तेथें माणसांची वस्ती विरळ. खारघोड्यासारख्या रखरखीत जागीं एकटा बंगला, आणि सोबतीला उंदीर, पाली, बेडूक, कावळे, मुंग्या व डांस. दुसरा एखादा अंमलदार अशा ठिकाणीं कंटाळून गेला असता. एहांनीं या बिनभाड्याच्या बिऱ्हाडकरूंवरच ‘ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हें पुस्तक लिहिलें. तें सोसायटीच्या स्थापनेच्याच वर्षीं, १८८३ सालीं, बाहेर पडलें. त्या नांवांतील खोंच आज समजावून सांगावी लागते. अफगाण युद्ध नुकतेंच संपलें होतें, आणि सरहद्दीवरील टोळ्यांना कसें वागवावें यावर सरकारांत मोठा खल चालला होता. एहांची सरहद्द म्हणजे त्यांच्या बंगल्याचा उंबरठा. आणि टोळ्या म्हणजे रात्रीं कोठीवर धाड घालणारे उंदीर आणि दिवसा टेबलावरचा पाव पळविणारे कावळे.

कावळ्यांशीं भांडतां भांडतां त्याच्या अकलेचें कौतुक करणें, पालीची शिकार पाहतां पाहतां दिवा विझवावयास विसरणें, हा एहांचा स्वभाव. त्यांचा विनोद प्राण्यांच्या बाबतींत फार उदार आहे. १८८९ सालच्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकांत त्यांनीं बंगल्यामागील नोकरचाकरांचीं चित्रें काढलीं, तेथें मात्र ती उदारता तोकडी पडलेली दिसते. जें अगत्य पालीला लाभलें तें बटलराला आणि धोब्याला लाभलें नाहीं. साहेबी अमलाचा हा दोष त्यांच्या लेखणींतही उतरला, हें नमूद करूनही एक गोष्ट त्यांच्या पदरीं टाकावी लागते: प्राणी पाहण्यासाठीं बंदूक घेऊन रानांत जावें लागत नाहीं, ते घरच्या भिंतीवर आहेत, हें त्यांच्याइतक्या गोडीनें त्या काळीं या देशांत दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितलें असेल. गोव्याच्या सरहद्दीवरील नाक्यांवर हिंवतापाचा तपास करीत असतां त्यांना डांसाची एक नवी जाति सांपडली आणि शास्त्रज्ञांनीं तिला त्यांचें नांव दिलें. आयुष्यभर डांसांवर विनोद करणाऱ्याचा डांसांनीं घेतलेला हा सूडच म्हणावयाचा!

सोसायटीचा व्याप वाढत गेला. १८८६ सालीं तिचें नियतकालिक सुरू झालें, आणि ठिकठिकाणचे सभासद बाटल्या, कातडीं, अंडीं व टिपणें पाठवूं लागले. अशा भेटींतच १८९४ च्या पावसाळ्यांत विल्यम आला. कारवारच्या एका सभासदानें तो पाठविला. उत्तर कानडा जिल्हा तेव्हां मुंबई इलाख्यांत होता. मे महिन्यांत जन्मलेलें हें पिलूं अपोलो स्ट्रीटवर आलें तेव्हां अवघें तीन महिन्यांचें होतें.

त्याचें खाणें हा पेढींतील नित्य करमणुकीचा विषय होता. फळें हा त्याचा मुख्य आहार, आणि रानटी उंबर मिळाले तर पर्वणीच. परंतु जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चें मांस यांनाही त्याची ना नसे. पाणी तो पीत नसे आणि अंघोळही करीत नसे. ऐकणाऱ्याला हें खोटें वाटावें. पण धनेशाला लागणारें पाणी फळांच्या रसांतूनच मिळतें. विल्यमचा खरा पराक्रम चेंडूचा. सुमारें ३० फुटांवरून टेनिसचा चेंडू त्याच्याकडे फेंकला तर तो चोंचींत अचूक झेली. कोणी शिकविल्यावांचून हें कौशल्य आलें कोठून? धनेशाची चोंच लांब आणि जीभ आंखूड. चोंचीच्या टोंकांत धरलेलें फळ जिभेनें आंत ओढतां येत नाहीं. म्हणून तो तें वर उडवितो आणि घशांत झेलतो. जन्मभर प्रत्येक घांस झेलून खाणाऱ्याला चेंडूचें काय नवल! या संवयीनेंच एकदां घात व्हावयाचा. पेटलेली चिरूट त्यानें गिळून टाकली. पाहणाऱ्यांच्या पोटांत गोळा उठला असेल. विल्यमच्या पोटांत कांहींच झालें नाहीं.

हें सारें वाचतांना हंसूं येतें, आणि मग त्याच पक्ष्याचें रानांतील जीवन आठवतें. विणीच्या दिवसांत धनेशाची मादी उंच झाडाच्या ढोलींत शिरते आणि विष्ठेनें व लगद्यानें ढोलीचें तोंड लिंपून घेते. उरते ती एक फट. आंत एक किंवा दोन अंडीं. पांच-साडेपांच आठवडे उबवण, त्यापुढें पिलाची जोपासना. आणि हा सारा काळ नर रानभर हिंडून उंबर आणतो आणि त्या फटींतून एकेक फळ मादीला भरवितो. तो झाडावरून जाऊं लागला म्हणजे त्याच्या पंखांचा आवाज दूरवर ऐकूं येतो. खाल्लेल्या फळांच्या मोठ्या बिया तो उलटून टाकतो, आणि रान पुढें सरकतें. यांतलें कांहींच विल्यमच्या वांट्याला आलें नाहीं. ज्यांनीं त्याला ठेविलें ते पक्ष्यांचे शत्रु नव्हते. त्या काळीं पक्ष्यांवर त्यांच्याइतकें प्रेम करणारे शहरांत थोडेच होते. ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगून त्याला रोज हिरवी मिरची देणाऱ्या आपल्या घरांतही हाच प्रकार होता. पोपटावरची माया खरी असे आणि पिंजऱ्याचें दारही बंदच असे.

ज्या खुर्चीमागें तो पिंजरा होता, ती खुर्ची वॉल्टर सॅम्युएल मिलर्ड यांची. हे १८८४ सालीं फिप्सन यांच्या पेढींत आले आणि १९०६ पासून सोसायटीचे चिटणीस झाले. १९०८ सालीं या खुर्चीसमोर अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा हातांत कागदाची पुडी घेऊन भीत भीत उभा राहिला. छर्‍याच्या बंदुकीनें त्यानें एक चिमणी मारली होती. ती चिमणी स्वयंपाकघरांत जावयाची. परंतु तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. असला पक्षी धर्माप्रमाणें खावा कीं नाहीं, असा प्रश्न मुलाला पडला, आणि त्यानें ती मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना, दाखविली. मामा सोसायटीचे सभासद. त्यांनीं चिठ्ठी देऊन मुलाला मिलर्डकडे धाडलें. मिलर्डनीं पक्षी ओळखला. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनीं कपाटें उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचावयास पुस्तकें दिलीं. त्यांत एहांचें मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक होतें. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचें नांवही त्यांनीं त्या चिमणीवरून ठेविलें. विल्यम त्या वेळीं चौदा वर्षांचा होता.

१९२० सालीं मिलर्ड नोकरींतून निवृत्त होऊन विलायतेस गेले, आणि त्याच वर्षीं विल्यम मेला. तारेचा तुकडा गिळल्यामुळें मेला, असें सांगतात. मिलर्ड वारल्यावर त्यांच्यावर मृत्युलेख लिहितांना नॉर्मन किनियर यांनीं ही हकीकत दिली आहे. किनियर हे सोसायटीच्या संग्रहाचे पूर्वीचे व्यवस्थापक, आणि पुढें लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमचे संचालक. भावनेच्या भरांत लिहिणारे गृहस्थ नव्हेत. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या पक्ष्यानें पेटती चिरूट पचविली तो तारेच्या तुकड्यानें कसा मरेल? जुना मित्र दुरावला, हेंच मरणाचें मुख्य कारण असावें. शास्त्राच्या कसोटीवर हें मत टिकणार नाहीं. चिरूट मऊ असते आणि तार टोंचते, एवढें उत्तर त्याला पुरेसें आहे. तरी सव्वीस वर्षें रोज जो माणूस समोर येऊन बसला, तो एके दिवशीं आला नाहीं आणि पुढें आलाच नाहीं, ही गोष्ट पिंजऱ्यांतील पक्ष्याला कळलीच नसेल, असेंही कोणी ठामपणें म्हणूं नये. धनेश हा जन्माची जोडी बांधणारा पक्षी आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें धनेश धरणें किंवा घरीं बाळगणें हा आतां गुन्हा आहे. कारवारच्या आणि सिंधुदुर्गाच्या डोंगरांत तो अजून आहे, मात्र ढोली असलेलीं जुनीं मोठीं झाडें जेथें उरलीं तेथेंच. सोसायटीनें विल्यमला आपल्या बोधचिन्हावर घेतलें. शहीद भगतसिंग मार्गावर लायन गेटसमोर तिची जी इमारत आहे, तिचें नांव हॉर्नबिल हाउस, आणि १९७६ सालीं सुरू झालेल्या तिच्या त्रैमासिकाचें नांवही हॉर्नबिलच. पेढी गेली, पिंजरा गेला. अपोलो स्ट्रीट हें नांवही पाटीवरून उतरलें.