माळरानाचा चित्रकार

बालाघाटच्या डोंगररांगेच्या आधाराने वसलेल्या बार्शीच्या मुलखाला कोणी रम्य म्हटल्याचे ऐकिवात नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही आपल्या मर्जीने. परतीच्या पावसाची ओल जमिनीत टिकली तर शाळू पिकतो. नाही टिकली तर काळ्या रानाला भेगा पडतात. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खनची दैना केली, आणि १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आजही या भागातील घराघरांत आहेत. शाळूची काढणी झाली की नजर पोचेल तिथवर माळ, मधूनच एखादी बाभूळ, आणि त्यावर धगधगणारे आभाळ. निसर्गचित्र म्हटले की आपल्या मनासमोर नारळीची बाग, नदीचे वळण आणि निळे डोंगर उभे राहतात. मग आमच्या या उजाड मुलखाने चित्रकाराला द्यायचे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका चित्रकाराच्या आयुष्याकडे वळावे लागते. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपूर येथे झाला. बार्शीकरांना त्या काळाची एक खूण सहज पटेल. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९०६ सालापासून पंढरपूरपर्यंत जाऊ लागली होती. अडीच फूट रुंदीच्या त्या रुळांवरून धान्याच्या पोत्यांबरोबर वारकऱ्यांची दाटीही माळ तुडवीत जाई. अशा त्या यात्रेच्या गावी, एका बोहरा मुस्लिम कुटुंबात हे बालक जन्मले. ते दीड-दोन वर्षांचे असतानाच त्याची आई वारली. तिचे एकही छायाचित्र मागे राहिले नाही. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला आणि कुटुंब इंदूरला गेले. आईचा चेहरा आठवत नाही, ही खंत हुसेन यांनी जन्मभर बोलून दाखविली.

मुंबईत आल्यावर सिनेमाचे भव्य फलक रंगवून त्यांनी पोट भरले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांतील अग्रणी फ्रान्सिस न्यूटन सोझा हे गोव्यातील साळगाव येथे जन्मलेले कॅथलिक. हुसेन यांच्यातील सामर्थ्य सोझांनी ओळखले व त्यांना या मंडळात आणले. १९४८ साली दोघांनी मिळून दिल्लीचे प्राचीन भारतीय कलेचे प्रदर्शन पाहिले. मथुरेची शिल्पे आणि पहाडी लघुचित्रे यांनी हुसेन भारावून गेले. एका ख्रिस्ती व एका मुस्लिम तरुणाने या भूमीचा वारसा आपला म्हणून स्वीकारावा, ही त्या काळातील अर्थपूर्ण घटना होय.

त्यानंतरच्या त्यांच्या दोन मोठ्या चित्रांची नावेच बोलकी आहेत. १९५४चे ‘ग्रामयात्रा’ आणि १९५५चे ‘जमीन’. ‘जमीन’ला ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात पुरस्कार मिळाला. ‘ग्रामयात्रा’ हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र नॉर्वेतील एका डॉक्टरांनी नेले आणि ते ऑस्लोच्या रुग्णालयात अनेक दशके भिंतीवर राहिले. २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सव्वाशे लाख डॉलरांहून अधिक किंमत आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी आकड्याची चर्चा केली. परंतु पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. तेरा चौकटींत गावाचे जीवन मांडलेल्या त्या चित्रात एक शेतकरी उभा आहे. त्याचा हात आपली चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीतील जमिनीला जणू आधार देतो. जमीन माणसाला पोसते हे आपण नेहमी ऐकतो. माणूस जमिनीला सावरतो, हे कोरडवाहू मुलखातील माणसालाच सुचावे.

१९६७ साली हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. त्यासाठी ते राजस्थानात बुंदी, चितोड आणि जैसलमेर येथे हिंडले. वीस मिनिटांहूनही कमी लांबीच्या या कृष्णधवल चित्रपटात कथा नाही. आरंभी चित्रकार स्वतः चार शब्द बोलतो. पुढे दृश्ये आणि संगीत. ओसाड किल्ले, तापलेल्या भिंती, जनावरे, माणसांचे चेहरे, मधूनच रेखाटने. आणि पुनःपुन्हा येणाऱ्या तीन वस्तू म्हणजे छत्री, कंदील व जोडा. त्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लघुपटांतील सुवर्ण अस्वल हा मान त्याला लाभला.

या तीन वस्तूंचा अर्थ टीकाकारांनी नाना प्रकारे लावला आहे. माळावर वाढलेल्या वाचकाला मात्र तो सरळ भिडेल. हिरव्यागार प्रदेशात निसर्गच सारी चौकट भरून टाकतो, माणूस त्यात हरवतो. रखरखीत प्रदेशात तसे होत नाही. तिथे डोक्यावर सावली धरणारी छत्री, अंधारात वाट दाखवणारा कंदील आणि पायाला चटक्यापासून वाचवणारा जोडा या तीन गोष्टींवर जीव तगतो. उजाड भूमीचे खरे चित्र काढायचे तर तिच्यात तग धरणाऱ्या माणसाचेच काढावे लागते. म्हणूनच हुसेन यांना रूढ अर्थाने निसर्गचित्रकार म्हणता येत नसले, तरी कोरड्या भूमीचे मर्म त्यांना उमगले होते असे म्हणावे लागते.

त्यातला जोडा त्यांनी स्वतः टाकला होता. १९६४ साली कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या अंत्ययात्रेत हुसेन अनवाणी चालले आणि तेव्हापासून त्यांनी पायताण सोडले. जळत्या झुडपापुढे मोशेला पायतली वहाण काढावी लागली, ही जुन्या करारातील कथा आपल्याला ठाऊक आहे. ती घडली रानावनात, मेंढरे चारताना. कोणत्या मंदिरात नव्हे. एलिया संदेष्टा रानातच थकून झोपला, प्रभू येशूने चाळीस दिवस रानातच उपवास केला. पवित्र शास्त्रातील भूमी आमच्या करमाळा-बार्शीच्या माळाला जितकी जवळची, तितकी युरोपातील कुरणांना नाही.

असे असूनही आपल्या घरातील भिंतीवर उत्तम मेंढपाळ कुठे उभा असतो? लुसलुशीत गवतात, झुळझुळ ओढ्याकाठी. खांद्यावर घोंगडी टाकून बाभळीच्या विरळ सावलीत मेंढरे राखणारा धनगर आपण रोज पाहतो, पण त्याच्यात ते चित्र आपल्याला दिसत नाही. मूळच्या गोव्याच्या अँजेलो द फोन्सेका यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून पवित्र मरियेला साडी नेसवली, तेव्हा स्वकीयांनीच नाके मुरडली. १९६७ सालीच फोन्सेका निवर्तले. त्यांनी मरियेला आपल्या घरात आणले. तिच्या पायाखालची माती आपली म्हणून ओळखण्याचे काम अजून आपल्याकडे बाकी आहे.

हुसेन यांनी १९८०च्या सुमारास मदर तेरेसांची चित्रमाला सुरू केली. निळ्या काठाची पांढरी साडी, तिच्या घड्या, मांडीवर निजलेले मूल, आधार देणारे हात. आणि पदराखाली चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी. ज्याला आपल्या आईचा चेहरा आठवत नव्हता, त्याने सर्वांच्या आईचा चेहरा रिकामा ठेवला. त्या रिकाम्या जागेत प्रत्येक पोरके लेकरू आपल्या आईला पाहू शकते. २०१६ साली ख्रिस्तसभेने मदर तेरेसांना संतपद दिले. पंढरीच्या मातीत जन्मलेल्या या मुस्लिम चित्रकाराने त्यांच्या करुणेचे मर्म त्यापूर्वी तीन तपे रेखाटून ठेवले होते, हे आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.

त्यांच्या आयुष्याचा शेवट सुखाचा झाला नाही. काही चित्रांमुळे अनेकांच्या धर्मभावना दुखावल्या, खटले झाले, हल्ले झाले. दुखावलेल्यांचे दुःख खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण वृद्ध चित्रकाराला २००६ साली देश सोडावा लागला, हेही तितकेच क्लेशकारक. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना मूठमाती मिळाली ती इंग्लंडच्या ओल्या, हिरव्या भूमीत.

बार्शीची नॅरोगेज गाडी आता इतिहासजमा झाली असून तिच्या मार्गावर रुंद रूळ आले आहेत. खिडकीबाहेरचा माळ मात्र तोच आहे. प्रायश्चित्तकाळात, चैत्राच्या तोंडावर, त्या माळाकडे आपण ‘इथे काही नाही’ असे म्हणून पाठ फिरवतो. एका चित्रकाराने अशाच भूमीकडे पाहिले आणि तिथे त्याला छत्री धरलेला माणूस दिसला. आपल्या मुलांना चित्रकलेच्या वहीत नारळाचे झाड काढायला शिकवताना एखादी बाभूळही काढायला सांगावी. तिच्या सावलीत कोण बसले आहे, ते त्यांना आपोआप दिसेल.